मुंगळ्यांची सोयरीक

तळोद्याला बदली झाली आणि खोली शोधत मी आप्पांच्या दारात जाऊन उभी राहिले. भाडं किती, पाणी कधी येतं, पाहुणे आले तर चालतील का, असे प्रश्न मनात घोळवत होते. आप्पांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. चष्म्यावरून बघत त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुम्ही मुंग्या मारता का?"

मी म्हटलं, "डब्यात शिरल्या तर मारते."

"मग घट्ट झाकणाचे डबे घ्या," आप्पा म्हणाले, आणि किल्ली आणायला आत गेले.

आप्पा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अंगात पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे भिंग. रस्त्याने चालताना मान कायम खाली. त्यामुळे ते बैलाला धडकत, भाजीच्या गाडीला धडकत, आणि एकदा तर वरातीत नवरदेवाच्या घोड्याला धडकले. घोडा बुजला, नवरदेव कलंडला, वाजंत्री थांबली, आणि आप्पा खाली उकिडवे बसून बघत राहिले, की टापेखाली मुंग्यांची रांग सापडली की वाचली. नवरदेवाच्या मामाने शिव्या घातल्या त्या त्यांनी ऐकल्याही नसाव्यात. पुढे पुढे गावालाच सवय झाली. आप्पा समोरून येताना दिसले की माणसं आपणहून बाजूला होत.

पुढच्या खोलीत टेबलावर काचेची एक चपटी पेटी होती, त्यांनीच बनवलेली. आत प्लास्टर ओतून खिळ्याने कोरलेले बोगदे आणि खोल्या, वर काच, आणि काचेवर लाल जिलेटीनचा कागद, गणपतीच्या मखराला लावतात तो. आत काळे मुंगळे. "मुंग्यांना लाल दिसत नाही, त्यांच्या लेखी हा अंधारच," आप्पा सांगायचे. उजेड जास्त येतो म्हणून खिडकीलाही तोच कागद लावला होता. भर दुपारी ती खोली लालभडक दिसे, आणि त्याबद्दल गल्लीत दोन मतं होती. आप्पा घरी फोटो धुतात हे एक. दुसरं मत बायका हळू आवाजात सांगायच्या.

सुरुवातीला मला त्या पेटीची किळस यायची. पण माणूस कशालाही सरावतं. वर्षभरात मी कचेरीतली झुरळं काड्यापेटीत धरून आणायला लागले, आणि कचेरीत झुरळांना काही तोटा नव्हता. आप्पा झुरळ चिमट्यात धरून पारखायचे, बाजारात कोणी वांगं पारखावं तसे, आणि बरं निघालं तर मला चहा मिळे.

आप्पांची आंघोळ झाली की देवाच्या आधी पेटी. "काय मंडळी, उठली का?" असं रोज विचारायचे. मुंगळे कुठे झोपतात, असं मी एकदा हसून म्हटलं. तर म्हणाले, "झोपतात ना. थोडं थोडं, दिवसभर. तुमच्या कचेरीसारखं." माझ्याशी ते असं शाळेतलं शुद्ध मराठी बोलत. घरात मात्र अहिराणी. कोणी कसल्याही कामाची गडबड केली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मुंगी पळस, पन घाई करस नही." हे ऐकून गॅसवाला एकदा सिलिंडर दारातच टाकून निघून गेला होता.

त्यांना मुंग्यांची उपमा माणसांना दिलेली खपत नसे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्यांना एकदा कौतुकाने बोलावलं आणि विषय दिला, 'मुंगीकडून काय शिकावे'. आप्पा उभे राहिले. म्हणाले, "काही शिकू नये. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी दिवसभर नुसत्या बसून असतात. शेजारच्या वारुळाची मुंगी दिसली की तिचे पाय तोडतात. मेलेल्याला उकिरड्यावर टाकतात. मुंग्या म्हणजे मुंग्या, मुलांनो. बघा, पण शिकू नका." आणि खाली बसले. मुख्याध्यापकांनी आभार मानताना मुंगीचा उद्योगीपणा पुन्हा सगळा सांगितला, तेव्हा आप्पा शेजारी बसून मान हलवत होते, नाही नाही म्हणून.

पेटीतली राणी कुठून आली हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. आप्पांची बायको आजारी होती, तो तिचा शेवटचा पावसाळा. अंगणात खाटेवर पडून असायची. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पंखांची मोठी मुंगी येऊन पडली, तर तिने पेला उपडा घालून ती झाकली आणि आप्पांना हाक मारली, "दखा हो, कशी नवरी दिसी ऱ्हायनी!" आप्पांनी ती काचेच्या नळीत ठेवली. काकू दिवाळीआधी गेल्या. नळीत तोवर पहिली अंडी फुटून लेकी बाहेर आल्या होत्या. "म्हणजे ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही," आप्पांनी इतक्या घाईने पुढे जोडलं, की समजायचं ते मी समजले.

काकू गेल्यावर घर सांभाळायला आक्का आल्या, आप्पांची थोरली बहीण. तापीकाठच्या सासरी नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, शेती पुतण्यांकडे. त्या आल्या त्या चार दिवसांसाठी म्हणून, आणि मी राहायला गेले तेव्हा ते चार दिवस काही वर्षांचे झाले होते. तरी कोणी काही विचारलं की "मी त पाहुनी शे, माय," हेच उत्तर. भिंतीला रंग कुठला द्यायचा? मी पाहुनी शे. भाजी कोणती करायची? आप्पासले इचार. मला त्यांचं ते वाक्य ऐकलं की राग यायचा. जी बाई पहाटेपासून राबते ती कसली पाहुणी? पण आप्पाही कधी "नाही" म्हणत नव्हते. त्यांच्या ते लक्षातच येत नव्हतं, मान खाली घालून चालणारा माणूस.

मग ती आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात तिच्यापुढे दिवाळी फिकी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याआधी घरातलं एकूण एक सामान गच्चीवर जातं. गाद्या, गोधड्या, गहू, डाळी, कुरडया, पापड. प्रत्येक वस्तूला ऊन दाखवायचं. ऊन दाखवलं की कीड जाते, वास जातो, वस्तू वर्षभर टिकते. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या बायका हे करत आल्या आहेत, आणि त्यात काही चूकही नाही.

आक्कांनी पेटीलाही ऊन दाखवलं.

आप्पा चष्म्यासाठी शहाद्याला गेले होते. मी कचेरीत. आप्पा प्लास्टरचा एक कोपरा नेहमी ओला ठेवत, मुंगळ्यांना ओल लागते म्हणून. तिथे हिरवट बुरशी धरलेली आक्कांना दिसली. त्यांचा जीव कळवळला. त्यांनी पेटी उचलून गच्चीत गोधड्यांच्या रांगेत नेऊन ठेवली आणि खाली येऊन शेवया करायला बसल्या. वैशाखातलं तळोद्याचं ऊन, वर काच.

मी संध्याकाळी आले तर आक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेल्या. हाताला पीठ तसंच, वाळलेलं. मला बघून म्हणाल्या, "मी त्यास्नं भलं कराले गयी, माय." आत आप्पा पेटीवर वाकून भिंगातून बघत होते. बरेच मुंगळे ओल्या कोपऱ्यात जाऊन वाचले होते, त्यांनी कोषही ओढत तिकडे नेले होते. मुंगळ्यांची पिल्लं कोषात असतात, तांदळाच्या दाण्याएवढे बदामी दाणे दिसतात ते. पण राणीचं अंग जड. ती मधल्या खोलीत होती तिथेच राहिली.

"राणी गेली," आप्पा म्हणाले.

तिच्याभोवती पाच-सहा जणी फिरत होत्या, तिला चाटत होत्या, जिवंत असल्यासारखं. आप्पा म्हणाले, "त्यांना अजून कळलेलं नाही." मग त्यांनी लाल कागद नीट केला आणि हातपाय धुवायला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आक्कांनाही तसंच वाटत होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. दोघं एकाच खोलीत समोरासमोर बसलेली, आणि मध्ये मी. "मॅडम, त्यांना सांगा, चहा नको." आक्का मला म्हणायच्या, "त्यास्ले सांग, कालदिन बी लिधा नही, पित्त व्हई." मी आप्पांकडे वळून सांगायचे, "पित्त होईल म्हणतात." "होऊ द्या म्हणावं." त्या आठवड्यात मी इतके निरोप पोचवले की कचेरीत साहेबांनी मला काही विचारलं तरी मी शेजारच्या टेबलाकडे वळून सांगायला लागले होते.

एका सकाळी मुंगळ्यांनी राणीला ओढत कचऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं. आप्पा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "कळलं त्यांना." डोळे पुसले आणि चष्मा पुसला, दोन्ही एकाच रुमालाने.

त्याच दिवशी आक्का मला म्हणाल्या, "आखाजी व्हयनी. आखाजी व्हयनी म्हंजे माहेरवाशीन जास. मी पुतन्यासकडे जास." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. त्या पुतण्यांच्या घरून वर्षात कोणी एक फोन केला नव्हता. तिथे जाऊन ही बाई ओसरीवरच्या खाटेवर दिवस काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

माझी जीभ तशी तिखटच. मी आप्पांना गाठलं. "जन्मभर गणित शिकवलंत आणि घरातली वजाबाकी दिसत नाही? एक राणी गेली, आता बहीणही घालवताय." आप्पा म्हणाले, "मी जा म्हटलं नाही." मी म्हटलं, "राहा तरी कधी म्हणालात?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग त्यांना बोलतं करायला म्हणून मी विचारलं, ह्यांना दुसरी राणी नाही का देता येत?

"देता येत नाही. परकी राणी आत सोडली तर तुकडे करतील," आप्पा म्हणाले. मग भिंग खिशात ठेवत, "उलटं करता येतं. ह्यांचे कोष दुसऱ्या राणीला द्यायचे. कोषातल्या मुंगीला अजून घर नसतं. ज्या घरात बाहेर येईल ते तिचं." त्यांचा एक जुना विद्यार्थी वर सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षक होता. त्याला त्यांनी गेल्या पावसाळ्यात एक राणी दिली होती. तिच्याकडे आता पंधरा-वीस लेकी असतील.

रविवारी आम्ही जीपने वर गेलो. त्या शिक्षकाने एका शब्दात राणीची नळी काढून दिली, वर जेवूही घातलं. परत येताना जीपमध्ये आप्पा नळी रुमालात गुंडाळून, छातीशी धरून बसले. ड्रायव्हर दर खड्ड्यात गाडी आपटत होता. आप्पा दर वेळी "हळू रे भो!" म्हणत होते. शेवटी ड्रायव्हर वैतागला. "सर, अशी काय काचनी बांगडी धरी बठनात?"

"राणी शे," आप्पा म्हणाले.

सगळी जीप वळून बघायला लागली. डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली घेऊन चढलेल्या एका म्हातारीने नळीत डोकावून बघितलं आणि हिंदी-मराठी मिसळून विचारलं, "खायची का?" आप्पांनी नाही म्हटल्यावर तिचा आप्पांबद्दलचा आदर कमी झाला. पण ड्रायव्हरने तिथून तळोद्यापर्यंत गाडी इतकी हळू चालवली, की मागचे लोक ओरडायला लागले. तो त्यांना सांगत होता, "आरे, राणी बठेल शे गाडीमा!"

घरी आल्यावर आप्पांनी दुसरी छोटी पेटी काढली आणि राणीला तिच्या लेकींसकट तीत सोडलं. आता जुन्या पेटीतले कोष उचलून इकडे ठेवायचे. एकेक कोष अलगद, दाबला न जाता. आप्पांनी ब्रश हातात घेतला. हात थरथरत होता. त्यांनी एक श्वास घेतला, पुन्हा प्रयत्न केला. कोष ब्रशवरून घसरला. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आप्पांनी मला मध्ये न घेता, खाली बघतच म्हटलं, "आक्का, मन्हा हात कापी ऱ्हायनात."

आक्का आल्या. ब्रश बाजूला ठेवला. देवापुढच्या कापसातून एक बारीक वात वळली, जिभेवर ओली केली, आणि तिच्या टोकाने एकेक कोष उचलून पलीकडे ठेवायला लागल्या. नवी राणी कोपऱ्यात बसून होती. तिच्या लहानग्या लेकी आल्या, प्रत्येक कोषाला मिशा लावून बघितल्या, आणि तोंडात धरून आत घेऊन गेल्या. शेवटचा कोष आत गेला तेव्हा आप्पा इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मग ओशाळले.

आक्का मात्र जुन्या पेटीकडे बघत होत्या. तिच्यात आता फक्त मोठे मुंगळे होते, रिकाम्या बोगद्यांतून कोष शोधत फिरणारे.

"आनि ह्या?" आक्कांनी विचारलं.

"ह्या नही. ह्या म्हाताऱ्या शेतस. त्यास्ले जुना घरना वास लागेल शे. तठे गयात त मारी टाकतीन."

"मंग ह्या आठेच ऱ्हातीन? एकल्या?"

"जगतीन तवर जगतीन. खावाले देसू ना आपन."

आक्कांनी वात खाली ठेवली. "खावाले त मन्हा पुतन्या बी देतीन," त्या म्हणाल्या.

आप्पांनी मान वर केली. त्या घरात राहायला आल्यापासून मी त्यांना कोणाच्या तोंडाकडे इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, चहाची गाळणी घेऊन आले आणि कात्रीने तिची जाळी कापायला बसले.

दोन पेट्या एकमेकींना चिकटवल्या आणि मध्ये ती जाळी. "वास लागू दे एकमेकीस्ना," आप्पा म्हणाले. "व्हई का नही, माले बी म्हाईत नही." दोन्हीकडे एकाच वाटीतलं गुळाचं पाणी, एकाच झुरळाचे दोन भाग, इकडचा ओला कापूस तिकडे आणि तिकडचा इकडे. पहिले काही दिवस जाळीच्या दोन्ही बाजूंना जबडे उघडलेले. आप्पा जेवायचे नाहीत नीट. आक्का म्हणाल्या, जाळी काढेपर्यंत थांबते, मग जाते. गाळणी नसल्यामुळे आम्ही तिघं महिनाभर पत्तीसकट चहा प्यायलो.

मधल्या काळात पलीकडे कोष फुटले आणि फिक्या रंगाच्या नव्या मुंग्या बाहेर आल्या. त्या जाळीपाशी येऊन बसू लागल्या. ह्या बाजूने म्हाताऱ्याही येत. जबडे उघडायचे थांबले. जाळीतून मिशांना मिशा लागायच्या, आणि मग दोघी आपापल्या कामाला जायच्या.

जाळी काढली त्या सकाळी आक्कांनी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला होता. पहिली म्हातारी पलीकडे गेली आणि लगेच दोघी तिच्यावर तुटून पडल्या. तिचा पाय तुटला, मग ती मेलीच. आप्पांचा हात जाळी परत लावायला पुढे झाला. आक्कांनी तो धरला. "थांब जरासा," त्या म्हणाल्या. दुसरी गेली. तिला एक फिकी मुंगी आडवी आली, मिशांनी चाचपलं, आणि तोंडाला तोंड लावलं. मुंग्या एकमेकींना असं भरवतात. ती चांगली घटकाभर भरवत होती. मग तिसरी गेली, चौथी गेली. काही मारल्या गेल्या, नाही असं नाही. पण दुपारपर्यंत जुनी पेटी जवळजवळ रिकामी झाली आणि एक मोठ्या डोक्याची म्हातारी चक्क राणीच्या अंगाला लागून बसली होती.

"बसनी," आक्का म्हणाल्या. "दख, कशी बसनी."

आप्पा म्हणाले, "मॅडम, हे कुठे लिहिलेलं नाही बरं का." मग मला वाटलं आता ते सांगतील, ह्याचा माणसांशी काही संबंध नाही. पण नाही सांगितलं.

मी कचेरीत गेले. मनात धाकधूक होती, कारण जाळी निघाली होती आणि आक्कांचा शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी परतले तर स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. दारात जाऊन बघते तर फडताळातला एकूण एक डबा जमिनीवर. काकू गेल्या त्या दिवशी जो डबा जिथे होता, तिथेच तो आक्कांनी इतकी वर्षं ठेवला होता. तिखट वरच्या फळीवर, त्यांचा हात पोचत नसे, तरी तिथेच. स्टुलावर चढून काढायच्या. आता पदर खोचून त्या सगळं आपल्या हाताच्या अंतरावर लावत होत्या. तिखट खाली आलं होतं, पीठ शेगडीच्या उजवीकडे गेलं होतं, आणि काही रिकामे डबे सरळ बाहेर काढले होते.

तेवढ्यात आप्पा पुढच्या खोलीतून वाटी घेऊन आले, मंडळींना गुळाचं पाणी करायचं होतं. सवयीने मधल्या फळीकडे हात गेला. तिथे डाळी. खाली वाकले, तिथे मीठ. चार डबे उघडून झाले, पाचव्यात हळद निघाली. शेवटी ते हातात वाटी घेऊन मधोमध उभे राहिले.

"आक्का, गूळ कोठे शे वं?"

आक्कांनी मागे वळूनही बघितलं नाही. फळी पुसता पुसता म्हणाल्या, "आते मन्हा घरमा मालेच इचारनं पडी."